जुन्या डिझेल लोकोच्या पोटातली अनोळखी यंत्रं ओळखायची कशी?

डब्ल्यूडीएम-२ या जुन्या डिझेल लोकोच्या लांब हूडची, म्हणजे यंत्रं झाकणाऱ्या लांब पेटीची, दारं उघडली की रेडिएटरच्या बाजूला एक यंत्र दिसतं. त्याला सहा सिलिंडर असतात, खाली क्रँककेस, म्हणजे दट्ट्यांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्याची पेटी असते, तेलाची पातळी बघायची काडीसुद्धा असते. शेजारच्या अवाढव्य इंजिनापुढे ते एखाद्या पिल्लासारखं वाटतं. जतन करून ठेवलेला लोको आतून बघायला मिळालेला जवळजवळ प्रत्येक माणूस तिथे थांबतो आणि विचारतो, "हे दुसरं छोटं इंजिन आहे का?"

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर पुढे येईलच. पण ते शोधण्याची रीत उत्तराहून जास्त उपयोगाची आहे, कारण या लोकोत अशी शंभर तरी यंत्रं, डबे, झडपा आणि पेट्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांवर नावाची पाटी नाही. पाटी असली तरी तिच्यावर कंपनीचं नाव आणि अनुक्रमांक असतो, काम लिहिलेलं नसतं. म्हणून अनोळखी यंत्रापुढे उभं राहिल्यावर "याचं नाव काय?" हा प्रश्न बाजूला ठेवायचा. त्याऐवजी विचारायचं, यात काय आत शिरतं, काय बाहेर पडतं आणि याला फिरवतं कोण? या तीन प्रश्नांची उत्तरं नळ्या, तारा आणि शाफ्ट देतात. नाव नंतर आपोआप सापडतं.

आधी एक शब्दांचा घोळ मिटवू. आपण रुळांवरच्या अख्ख्या यंत्राला 'इंजिन' म्हणतो. शेडमधले, म्हणजे देखभालीच्या जागेतले लोक त्याला 'लोको' म्हणतात आणि आतल्या डिझेल यंत्राला 'इंजिन'. या लेखात मी शेडची भाषा वापरतो, नाहीतर दर दोन वाक्यांनी गोंधळ होईल.

कोणत्या लोकोबद्दल बोलतोय?

उदाहरणासाठी डब्ल्यूडीएम-२ घेतला, कारण भारतात जतन केलेल्या डिझेल लोकोंमध्ये तोच सगळ्यात जास्त भेटतो. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे मिक्स्ड, म्हणजे प्रवासी आणि माल दोन्ही गाड्यांसाठी. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या अल्को कंपनीचे पहिले लोको आले आणि १९६४ पासून वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समध्ये त्यांची जुळणी आणि मग बांधणी सुरू झाली. अल्कोने स्वतः १९६९ मध्ये लोको बनवणं थांबवलं, पण वाराणसीत हे कुटुंब पुढे कित्येक दशकं वाढत राहिलं. या मालिकेतला पहिला लोको, क्रमांक १८०४०, नवी दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे.

२६०० अश्वशक्ती, १६ सिलिंडर, वजन साधारण ११३ टन, पोटाखाली ५००० लिटरची डिझेल टाकी, सहा आस आणि प्रत्येक आसावर एक विजेची मोटर. यातली शेवटची गोष्ट पक्की लक्षात ठेवा. डिझेल इंजिन चाकांना थेट फिरवत नाही. इंजिन जनित्र फिरवतं, जनित्र वीज तयार करतं आणि ती वीज चाकांजवळच्या मोटरना जाते. खरं तर हे चाकांवर बसवलेलं एक वीजघर आहे. हे एकदा डोक्यात बसलं की आतल्या निम्म्या वस्तूंचा अर्थ लागतो.

आधी घराचा नकाशा

कोणत्याही अनोळखी यंत्राची पहिली खूण म्हणजे त्याची जागा. ड्रायव्हरची कॅब एका टोकाजवळ असते. तिच्या एका बाजूला आखूड नाक, म्हणजे शॉर्ट हूड आणि दुसऱ्या बाजूला लांब हूड. कॅबकडून लांब हूडच्या टोकाकडे चालत जा. आधी विजेचं कपाट लागतं, मोठमोठे कॉन्टॅक्टर आणि रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच असलेलं. मग जनित्राचा कप्पा. मग इंजिन. त्याच्या पलीकडे ते सहा सिलिंडरवालं 'पिल्लू'. आणि शेवटी रेडिएटर आणि पंखा. थोडक्यात कॅबकडे वीज आणि टोकाकडे पाणी-हवा.

म्हणून रेडिएटरच्या कप्प्यात एखादं गोल, मोटरसारखं काहीतरी दिसलं आणि त्याला जाड केबल जोडलेली नसेल, तर ती मोटर असण्याची शक्यता आधीच कमी होते. मी स्वतः याच ठिकाणी फसलो होतो. पंख्याच्या आधी शाफ्टवर एक ढोलासारखा भाग दिसला, त्यात दोन बारीक तारा जात होत्या, आणि मी वहीत 'पंख्याची मोटर' असं लिहून मोकळा झालो. ती मोटर नव्हतीच. ते नेमकं काय होतं ते पुढे सांगतो, कारण ते मला आजही या लोकोतलं सगळ्यात सुंदर यंत्र वाटतं.

जाड नळी माल नेते, बारीक नळी निरोप नेते

हे एक वाक्य पाठ केलं तरी अर्धं काम होतं.

मनगटाएवढी किंवा त्याहून जाड नळी दिसली तर तिच्यातून काहीतरी मोठ्या प्रमाणात वाहतं, मग ते पाणी असो, वंगण तेल, हवा किंवा धूर. पण पेन्सिलीहून बारीक तांब्याची नळी एखाद्या छोट्या डबीत जाऊन संपत असेल, तर तिच्यातून काहीही 'पुरवलं' जात नाही. ती फक्त दाब कळवते. ती डबी म्हणजे दाबावर चालणारा स्विच किंवा कॅबमधल्या मापकाचं दुसरं टोक. इंजिनाच्या बाजूला अशी एक डबी असते, ओपीएस, म्हणजे ऑइल प्रेशर स्विच. वंगण तेलाचा दाब घसरला की तीच इंजिन बंद करायला लावते. आकाराने मुठीएवढी, पण १६ सिलिंडरांचं आयुष्य तिच्यावर अवलंबून असतं. पाण्यासाठी अशीच एलडब्ल्यूएस, म्हणजे लो वॉटर स्विच. तापमानासाठी ईटीएस, म्हणजे इंजिन टेम्परेचर स्विच. तीन-चार आद्याक्षरं ओळखीची झाली की बाकीची तुम्हीच उलगडू लागता, कारण पद्धत एकच आहे: काय मोजतो त्याची अक्षरं आणि शेवटी स्विचचा 'एस' किंवा रिलेचा 'आर'.

तारांनाही हेच लागू. जाड, काळ्या, वाकवायला कठीण अशा केबल जनित्राकडून खाली बोगीकडे, म्हणजे चाकं आणि मोटर बसवलेल्या सांगाड्याकडे जातात, त्यांतून मोटरची वीज वाहते. बारीक तारांचे जुडगे ७२ व्होल्टच्या नियंत्रणासाठी असतात. एखाद्या यंत्राला फक्त बारीक तारा असतील तर ते जड काम विजेवर करत नाही, कुणाचं तरी ऐकतं किंवा कुणाला तरी सांगतं.

आता त्या ढोलाकडे परत येऊ. इंजिनाच्या टोकापासून शाफ्टची रांग बघत गेलं तर सगळं उलगडतं. इंजिनाचा क्रँकशाफ्ट, म्हणजे मुख्य फिरता दांडा, त्या सहा सिलिंडरवाल्या यंत्राला फिरवतो. त्याच्या पुढे तोच शाफ्ट ढोलात जातो. ढोलापासून काटकोनी गिअरबॉक्स आणि तिथून छताखालचा मोठा पंखा. म्हणजे पंखा इंजिनाच्याच ताकदीवर फिरतो. मग मधला ढोल कशाला? कारण पंखा सतत फिरायला नको. इंजिन थंड असताना तो बंद हवा, गरम झालं की फिरायला हवा.

ढोलाच्या आत दोन भाग आहेत आणि ते एकमेकांना टेकत नाहीत. एक इंजिनाबरोबर फिरतो, दुसरा पंख्याला जोडलेला आहे, मध्ये हवेची फट. आतल्या गुंडाळीत वीज सोडली की चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते फिरणाऱ्या धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह निर्माण करतं. या प्रवाहांचं चुंबकत्व दुसऱ्या भागाला ओढून बरोबर फिरवू लागतं. स्पर्श नाही, घर्षण नाही, झिजणारा पट्टा नाही. कमी वीज सोडली तर पंखा हळू, जास्त सोडली तर जोरात. याला एडी करंट क्लच म्हणतात. मला दिसलेल्या त्या दोन बारीक तारा या गुंडाळीच्या होत्या आणि त्यांना वीज कधी द्यायची हे पाण्याचं तापमान बघणारे ईटीएस ठरवतात. मी फक्त गोल आकार बघून 'मोटर' म्हटलं. तारांची जाडी बघितली असती तर चूक झाली नसती, कारण एवढा मोठा पंखा फिरवणाऱ्या मोटरला बारीक तारा पुरणारच नाहीत.

आता ते 'पिल्लू'

त्याला आपले तीन प्रश्न विचारू. कोण फिरवतं? इंजिनाचा क्रँकशाफ्ट, थेट. म्हणजे हे इंजिन नव्हे, त्याला स्वतःलाच कुणीतरी फिरवावं लागतं. इंधनाची नळी? एकही नाही. धुराची वाट? नाही. मग सिलिंडर कशासाठी? दट्ट्या वर-खाली होतो, पण स्फोट होत नाही. याचा अर्थ तो हवेचा पंप आहे.

इथपर्यंत कुणीही पोहोचतं. खरी गंमत पुढे आहे. सिलिंडरांना जोडलेल्या नळ्या नीट बघा. सगळ्या सारख्या नाहीत. चार सिलिंडर एका खूप जाड नळीला जोडलेले असतात. उरलेल्या दोघांच्या नळ्या त्यामानाने बारीक आणि त्यांच्यामध्ये पंखांसारख्या पातळ पट्ट्या असलेला थंड करायचा भाग. दोन्ही हवेच्याच नळ्या. मग एक एवढी जाड आणि दुसरी बारीक का?

कारण जाड नळीतली हवा विरळ आहे. ते चार सिलिंडर हवा भरत नाहीत, खेचून बाहेर टाकतात. म्हणजे निर्वात तयार करतात. उरलेले दोन हवा दाबून टाकीत भरतात, आधी एक थोडी दाबतो, मग मधल्या भागात ती थंड होते, मग दुसरा आणखी दाबतो. एक्झॉस्टर आणि कॉम्प्रेसर एकाच धडात बसवलेत. त्यामुळे नावही दोन्हींचं मिळून झालंय: एक्सप्रेसर.

पण एका लोकोला दाबलेली हवा आणि निर्वात दोन्ही का लागावेत? याचं उत्तर लोकोच्या बाहेर, मागे जोडलेल्या डब्यांत आहे. हे लोको आले तेव्हा भारतातल्या गाड्या निर्वात ब्रेकवर चालत. गाडीभर एक जाड नळी असायची. लोको तिच्यातली हवा सतत खेचून घ्यायचा आणि त्या निर्वातामुळे ब्रेक सुटलेले राहायचे. ड्रायव्हरने नळीत हवा शिरू दिली, किंवा नळी कुठे तुटून हवा आपोआप शिरली, की सगळ्या डब्यांचे ब्रेक लागायचे. ही पद्धत सुरक्षित होती, पण तिला एक मर्यादा होती. निर्वाताच्या खेळात ढकलणारी ताकद फक्त वातावरणाच्या दाबाची, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर जेमतेम एक किलो. लोकोवर ठेवायचा निर्वात ५३ सेंटिमीटर पाऱ्याचा, म्हणजे तेवढाही पूर्ण नाही. कमी दाबातून पुरेशी ताकद काढायची तर क्षेत्रफळ वाढवावं लागतं. म्हणून निर्वाताशी संबंधित प्रत्येक वस्तू जाडजूड असते, नळी, होज, ब्रेकचे सिलिंडर, सगळं.

दाबलेल्या हवेचं उलट. लोकोच्या मुख्य टाकीत ८ ते १० किलो दाब असतो, हवेचे ब्रेक असलेल्या डब्यांच्या ब्रेक पाइपमध्ये ५ किलो. तेवढीच ताकद छोट्या सिलिंडरातून निघते. लोकोचे स्वतःचे ब्रेक याच हवेवर, शिवाय भोंगा, वाळू सोडायची यंत्रणा आणि विजेच्या कपाटातले मोठे कॉन्टॅक्टरही. टाकी १० किलोपर्यंत भरली की एक छोटी झडप कॉम्प्रेसरला 'आता पुरे' असं सांगते. तो फिरत राहतो, पण हवा भरणं थांबवतो, आणि दाब ८ वर आला की पुन्हा कामाला लागतो. इंजिनाला थेट जोडलेला असल्यामुळे त्याला थांबायची सोय नाही, म्हणून ही युक्ती.

हेच ज्ञान घेऊन लोकोच्या समोर, बफरपाशी जा. जाड, वळ्यावळ्यांची रबरी होज दिसली तर ती निर्वाताची. बारीक, टोकाला बंद करायची मूठ असलेली होज हवेची. आत बघितलेलं यंत्र आणि बाहेर लोंबणारी होज एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

दोन शंख, पण एकसारखे नाहीत

गोगलगाईच्या शंखासारखं कवच असलेलं यंत्र दिसलं की तो हवा ढकलणारा पंखा, हे बहुतेकांना माहीत असतं. पण या लोकोत असे शंख एकाहून जास्त आहेत आणि त्यांची गल्लत होते.

एक शंख ओतीव धातूचा, जड, जवळजवळ इंजिनाचाच अवयव वाटावा असा. त्यात इंजिनाच्या धुराच्या नळ्या शिरतात आणि वरून धुराडं निघतं. त्याला वंगण तेलाची नळी आहे, थंड ठेवायला पाणीही आहे. हा टर्बो सुपरचार्जर. वाया जाणाऱ्या गरम धुराने एक चक्र फिरतं, त्याच शाफ्टवरचं दुसरं चक्र ताजी हवा दाबून इंजिनाला पाजतं. दाबलेली हवा तापते, म्हणून वाटेत पाण्याने थंड करणारी एक पेटी, तिला आफ्टरकूलर म्हणतात. टर्बोमुळेच त्याच १६ सिलिंडरांतून २६०० अश्वशक्ती निघते.

दुसरे शंख पत्र्याचे, हलके. त्यांना तेल नाही, पाणी नाही, धूर नाही. त्यांचं तोंड जमिनीकडे वळलेलं असतं, आणि तिथून हवेची वाट खाली बोगीत जाते, मध्ये कॅनव्हाससारखा लवचीक भाग, कारण बोगी वळते आणि वरचं शरीर वळत नाही. हे मोटरना थंड ठेवणारे ब्लोअर, पुढच्या बोगीसाठी एक आणि मागच्यासाठी एक. तेव्हा शंख दिसला की त्यात काय शिरतं ते बघा. धूर शिरत असेल तर टर्बो, नुसती हवा शिरून जमिनीखाली जात असेल तर ब्लोअर.

इंजिनाच्या बाजूला आणखी एक छोटा विजेवर चालणारा पंखा असतो, त्याची नळी छताबाहेर निघते. तो क्रँककेसमधली तेलाची वाफ बाहेर काढतो. ती वाफ साचली आणि आत कुठे ठिणगी पडली तर स्फोट होऊ शकतो. क्रँककेसच्या झाकणांपैकी काहींवर जी स्प्रिंगवाली दारं दिसतात ती त्याचसाठी, दाब वाढला तर उघडून मोकळा करायला.

स्टार्टर मोटर सापडत नाही, कारण ती नाहीच

मोटारी दुरुस्त करणारा कुणी बरोबर आला की तो हमखास स्टार्टर मोटर शोधतो. इंजिनाभोवती दोन फेऱ्या मारतो आणि हार मानतो.

मुख्य जनित्र एकदिश विजेचं आहे. त्याला वीज दिली तर ते मोटरसारखं फिरतं. म्हणून सुरू करताना बॅटऱ्यांची वीज जनित्रातल्याच एका खास गुंडाळीत सोडतात, जनित्र इंजिनाला फिरवतं, आणि इंजिन पेटलं की भूमिका उलटतात. वेगळी स्टार्टर मोटर लागतच नाही. नंतरच्या डब्ल्यूडीएम-३ए सारख्या लोकोंत एकदिश जनित्राच्या जागी उलटसुलट वाहणारी वीज तयार करणारा अल्टरनेटर आला. तुमच्यासमोरचा लोको कोणत्या प्रकारचा आहे हे ठरवायचं तर जाळीतून टॉर्च मारून आत बघा. तांब्याच्या बारीक पट्ट्यांचा मोठा गोल आणि त्यावर टेकलेले कार्बन ब्रश रांगेने दिसले तर एकदिश जनित्र. पट्ट्यांऐवजी गुळगुळीत कड्या आणि जवळपास ती वीज एकदिश करणारी रेक्टिफायरची पेटी असेल तर अल्टरनेटर.

जनित्राच्या टोकाला दोन छोटी यंत्रं गिअरवर शेजारी-शेजारी बसलेली असतात. दोन्ही गोल, दोन्हींना ब्रश, लांबून जुळी भावंडं. एक ऑक्झिलरी जनरेटर, दुसरा एक्सायटर. फरक तारांच्या दुसऱ्या टोकाला कळतो. एकाच्या तारा बॅटऱ्या आणि ७२ व्होल्टच्या व्यवस्थेकडे जातात, तो ऑक्झिलरी. दुसऱ्याच्या तारा मुख्य जनित्राच्या चुंबक-गुंडाळीकडे जातात, तो एक्सायटर. तो जनित्राला किती चुंबकत्व द्यायचं ते ठरवतो आणि पर्यायाने लोको किती जोर लावेल हेही. ड्रायव्हरच्या हातातल्या दांड्याला आठ खाचा आहेत, पण खाच वाढवली की इंजिनाचा वेग आणि एक्सायटरचं काम दोन्ही एकमेकांना सांभाळत वाढावे लागतात, नाहीतर इंजिनावर झेपणार नाही एवढा भार पडेल. हा तोल गव्हर्नर राखतो. तो ओळखायला सोपा: तेल दिसणारी छोटी काच, वर विजेचं जोडाचं टोक आणि बाजूने निघणारा एक दांडा. हा दांडा पुढे लांब सळईला जोडलेला असतो आणि ती सळई ओळीने बसलेल्या इंधन पंपांजवळून जाते, दर सिलिंडरला एक पंप. सळई थोडी फिरली की सगळ्या पंपांचं इंधन एकदम कमी-जास्त होतं. लोको बंद असेल आणि सांभाळणाऱ्यांनी परवानगी दिली असेल तर ती सळई हाताने हळूच हलवून बघा. सोळा पंप एकत्र हलताना बघितले की गव्हर्नर म्हणजे काय हे शब्दांत सांगावं लागत नाही.

कॅबमधल्या झडपा

कॅबमध्ये ब्रेकच्या दोन मुठी शेजारी असतात आणि बघणाऱ्यांना त्यांतला फरक कळत नाही. ए-९ ही अख्ख्या गाडीचे ब्रेक लावणारी, एसए-९ फक्त लोकोचे. ब्रेकच्या या संपूर्ण पद्धतीला २८ एलएव्ही-१ म्हणतात, त्यात एल म्हणजे लोकोमोटिव्ह, ए म्हणजे एअर, व्ही म्हणजे व्हॅक्यूम. कपाटात आणि फूटप्लेटखाली सापडणाऱ्या व्हीए-१बी, एचबी-५, एचएस-४, सी-२-डब्ल्यू अशा ओतीव झडपा याच पद्धतीच्या. त्यांचं क्लिष्ट वाटणारं काम एका वाक्यात सांगता येतं: गाडीतली भाषा निर्वाताची आणि लोकोतली दाबाची, आणि या झडपा मधल्या दुभाष्या आहेत. डब्यांतला निर्वात जितका कमी होईल तितका दाब लोकोच्या ब्रेकना मिळाला पाहिजे, कमी नाही आणि जास्तही नाही. कमी पडला तर मागची गाडी लोकोला ढकलते, जास्त झाला तर धक्का बसतो.

पाटीवर आणि रंगावर विसंबू नका

जतन केलेल्या लोकोबद्दल मला सगळ्यात जास्त तळमळीने सांगायचंय ते हे. तुमच्यासमोर जे उभं आहे ते कारखान्यातून निघालेलं यंत्र नाही. तीस-चाळीस वर्षं चाललेला लोको जुन्या वाड्यासारखा असतो, प्रत्येक पिढीने काहीतरी पाडलेलं आणि काहीतरी जोडलेलं. निर्वात ब्रेक जाऊन हवेचे ब्रेक आले तसे कित्येक लोकोंचे एक्झॉस्टर निघाले किंवा निकामी केले गेले. टर्बो बदलले, गव्हर्नर बदलले, कॅबवर समोरून येणाऱ्या गाडीला धोका दाखवणारा लुकलुकणारा दिवा नंतर बसला. म्हणून १९६० च्या दशकातल्या आराखड्यात एखादं यंत्र सापडलं नाही तर आराखडा चुकीचा आणि यंत्र बनावट, असं समजू नका. ते बहुधा नंतर आलेलं असतं. त्याला बसवलेले बोल्ट, कापलेला पत्रा, शेजारच्या भागाहून वेगळं वेल्डिंग, यांतून ते कळतं.

रंगाचा मात्र मला राग येतो. एका ठिकाणी बघितलेल्या लोकोत 'स्वच्छ दिसावं' म्हणून सगळ्या नळ्या एकाच करड्या रंगाने रंगवल्या होत्या, पाट्यांसकट. पाट्यांवरची अक्षरं रंगाखाली बुजली होती. एका दुपारी मी बोटांनी चाचपून एका झडपेवरची ओतीव अक्षरं वाचली. अशा वेळी कागद ठेवून वर पेन्सिलीचं शिसं आडवं घासलं की अक्षरं उमटतात, रंग खरवडायची गरज पडत नाही. खरवडू नकाच, खालचा थर कधीकधी मूळ रंगाचा एकमेव पुरावा असतो.

हात लावण्याआधी एक इशारा. जुन्या धुराच्या नळ्यांभोवतीच्या करड्या, तंतुमय गुंडाळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती सोलायची नाही, उचकटायची नाही, झाडूनही काढायची नाही. बॅटरीची झाकणं आणि विजेचं कपाट सांभाळणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय उघडू नका. लोको 'मेलेला' दिसत असला तरी टाकीत हवा शिल्लक असू शकते, तेव्हा झडपांच्या मुठींशी खेळणं नको.

ओळख पटली नाही तर नुसता यंत्राचा फोटो काढून फारसा उपयोग नसतो. त्याला जोडलेल्या प्रत्येक नळीचं आणि तारेचं दुसरं टोक कुठे जातं त्याचा फोटो काढा. वहीत एका बाजूला 'काय येतं', दुसऱ्या बाजूला 'काय जातं', खाली 'कोण फिरवतं' आणि नळ्यांची जाडी. जिथे नळी कापून टोक गोल चकतीने बंद केलंय तिथे चकतीचा व्यासही मोजा आणि फ्लँजला, म्हणजे नळीच्या तोंडाच्या रुंद कडेला, किती बोल्ट आहेत ते लिहा. एक्सप्रेसरच्या एखाद्या सिलिंडरवर अशी बंद केलेली रुंद, जाड फ्लँज दिसली आणि बफरपाशी वळ्यांच्या जाड होजची रिकामी जागा दिसली, तर तिथून एकेकाळी निर्वाताची नळी जात होती, हे तुम्ही कुणालाही न विचारता लिहू शकता.